दहापर्यंत मोजणं

दिघोरी, ता. लाखांदूर
२ जुलै २०००

सौ. सुलोचनाबाई कापगते यांस,

'यांस' पाहून नाक मुरडू नको. चौदा महिने झाले, तू एक कार्ड टाकलं नाही अन् मी बी टाकलं नाही. तेव्हा सुरुवात रीतसर केलेली बरी. अन् हे आधीच सांगून ठेवते, मी गोडीगुलाबीसाठी लिहून नाही राहिली. मले काम आहे.

पहिलीले इंग्रजी आली. तुमच्या गोंदियातही आलीच असेल, जिल्हे दोन झाले तरी जीआर एकच. शाळा उघडली त्या दिवशी नव्या हेडमास्तरनं मले बोलावलं. भैयाजी मास्तर म्हणतात त्यांना, तू गेल्यावर आले, माणूस गरीब आहे. म्हणाले, "निर्मलाबाई, पहिली तुमची. लहान लेकरं बाईमाणसालेच सुधरतात."

म्हटलं, "अन् इंग्रजी, सर?"

"ते बी लहानच आहे, बाई. ए बी सी डी."

मले इंग्रजी येत नाही हे तुझ्यापेक्षा जास्त कोणाले माहीत? बारा वर्षं आपण एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर भाजी केली, एका सायकलनं डबल सीट टोलीच्या वस्तीतल्या शाळेत गेलो. पाचवी ते सातवीचे तुझे गणिताचे तास मी घेतले, माझे इंग्रजीचे तू. सौदा बरोबर होता. आता सौदा मोडला, अन् एकटीच्या अंगावर दोन्ही आलं.

पण घाबरली आहे असं समजू नको. चौदा वर्षं झाली पोट्टे हाकून. रडणारं कसं थांबवाचं, पळणारं कसं बसवाचं, कोणाच्या पोटात दुखते अन् कोणाच्या मनात दुखते, हे मले साहेबांनी शिकवू नये. फक्त इंग्रजी तेवढी नाही.

अडचण अशी की लाखांदूरले कॉन्व्हेंट निघाली आहे. टाय देतात, मोटार दारात येते. आपला देवाजी बुराडे आठवते ना, ज्याच्या शब्दावर टोलीतली सहा घरं चालतात? त्याची धाकटी तृप्ती यंदा माझ्या पहिलीत आहे. तो दर दोन दिवसांनी शाळेच्या फाटकात सायकल आडवी लावून विचारते, "बाई, पोरगी इंग्रजी बोलते का नाही?" पहिलीच्या पटावर एकवीस आहेत. साहेब बजावून गेले, वीसच्या खाली गेले तं एक जागा कमी. अन् नाव बी सांगून गेले, माझं. पार तुमसरकडच्या जंगलात टाकतील. देवाजीची सहा घरं गेली तं झालंच.

मी टोली सोडणार नाही. एवढंच मले माहीत आहे.

म्हणून विचारते, इंग्रजी शिकवाले मास्तरच्या अंगात काय काय लागते? तुले मुद्दे काढाची सवय आहे, काढून पाठव. खाली चार ओळी इंग्रजीत लिहिल्या आहेत. तुले हसाले कारण मिळावं म्हणून.

निर्मला रामटेके
सहायक शिक्षिका


२३ जुलै २०००

सुलोचनाबाई,

माझंच पत्र वापस! पाकीट फोडलं तं आत माझंच अक्षर. वाटलं पोस्टमननं घोळ केला. मंग मागं पाहिलं तं चार इंग्रजी ओळींखाली अकरा लाल रेघा. बाकी एक शब्द नाही. ना कशी आहेस, ना मुद्दे, ना खाली सही.

वा, मायबाई! माणूस हाक मारते अन् तू वही तपासते.

दोन दिवस पत्र पेटीत फेकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी काढलं. पाहिलं तं तू नुसत्या रेघा मारल्या, बरोबर काय ते कुठंच लिहिलं नाही. हे जास्त लागलं. मनात आलं, एवढा बी जीव नाही राहिला काय, एक शब्द लिहून देला असता तं बोट झिजलं असतं? मंग भैयाजी मास्तरची डिक्शनरी आणली. अकरापैकी नऊ रेघा मी सोडवल्या. दोन नाही सुटल्या. आता आठवलं, पोट्ट्यांच्या वहीत बी तू अशाच रेघा मारत होती. मी म्हणत होती, "अवो, लिहून दे ना, वेळ वाचते." तू काहीच म्हणत नव्हती.

असो. मुद्दे तू देले नाही तं मीच काढले. शिकवाले लागते हिंमत, मोठा आवाज अन् पाठांतर. तिन्ही माझ्यापाशी आहेत. पंधरा ऑगस्टले तृप्ती टोलीच्या झेंड्यासमोर माइकवर इंग्रजीत भाषण देईन. सात वाक्यं. देवाजीच्या तोंडाले कुलूप लागते का नाही पाहजो.

खाली सहा ओळी आहेत इंग्रजीत. मार रेघा.

निर्मला


१७ ऑगस्ट २०००

सुलोचना,

तुले कोणी सांगाच्या आधी मीच सांगते. टोलीची गोष्ट तुझ्या अर्जुनीपर्यंत जाले दोन दिवस लागतात, आज दुसरा दिवस आहे.

तुले माहीत आहे माझे बाबा, परसराम रामटेके, नाटकात प्रॉम्प्टर होते. आपल्या झाडीपट्टीत प्रॉम्प्टरशिवाय नाटक उभं राहते काय? नट अर्धं पाठ करते, बाकी अर्धं पडद्यामागून येते अन् तो तोंडानं फेकते. लोकांले बी माहीत असते, कोणाले काही वाटत नाही. तेच मी केलं. सहा वर्षांच्या पोरीले सात इंग्रजी वाक्यं कुठून पाठ होतील? तृप्तीले सांगितलं, "मी मागून जे म्हणीन ते तू मोठ्यानं म्हणजो. घाबराचं नाही." अन् स्टेजमागं बांबूवर सतरंजी टांगून मी मागं बसली.

पहिली चार वाक्यं अशी गेली का विचारू नको. टाळ्या पडल्या. देवाजी पहिल्या रांगेत मिशीवर हात फिरवून राहिला होता, मी सतरंजीच्या फटीतून पाहिलं. अन् तेवढ्यात पोरीचं नाक वाहलं.

मी हळूच म्हटलं, "नाक पूस."

तिनं माइकवर म्हटलं, "नाक पूस!"

म्हटलं, "ते नाही, पुढचं."

"ते नाही, पुढचं!"

"अवो माय, गप!"

"अवो माय, गप!"

सारी टोली लोळली. पोट्टे तं पोट्टे, भैयाजी मास्तर झेंड्याचा खांब धरून हसून राहिले होते. तृप्तीले वाटलं भाषण लोकांले आवडलं, ती बी हसली. इथपर्यंत बी ठीक होतं. हसण्यानं कोणी मरत नाही.

पण सरपंचाचा जावई आला होता नागपूरहून. त्यानं कौतुकानं पोरीजवळ जाऊन विचारलं, व्हॉट इज युअर नेम? सुलोचना, तिनं वळून सतरंजीकडं पाहिलं. अन् माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. मले एवढी लाज आली होती का मी तोंडावर पदर धरून बसली होती. पोरगी पाहतच राहिली. तिले स्वतःचं नाव सांगता आलं नाही.

सारे गेल्यावर देवाजी आला. ओरडला असता तं बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "बाई, पोरीले इंग्रजी नाही आली. तुमची नक्कल आली."

घरी येऊन रडली. लिहून ठेवते, कारण तू विचारणार नाही.

मागच्या सहा ओळीत सोळा रेघा होत्या. आज इंग्रजीत लिहाचं मन नाही. पण तुझ्या लाल पेनाले काम नाही मिळालं म्हणून तू खुश होशील, तेव्हा तीन ओळी लिहिल्याच.

निर्मला


३ सप्टेंबर २०००

सुलोचना,

मी खड्ड्यात पडली होती, निघाली. कशी ते ऐक.

पंधरा ऑगस्टनंतर तृप्ती शाळेतच नाही आली. आठ दिवस वाट पाहिली, मंग गेली देवाजीच्या वावरात. यंदा पाणी मागं पडलं, तलावाखालच्या बांध्यांत धानाचा रोवणा अजून चालूच होता. देवाजीची बायको विमलाबाई चिखलात वाकून धानाचे परे लावून राहिली होती. मी बांधावरून समजावाले सुरुवात केली तं ती मान वर न करता म्हणते, "बाई, आमाले वर पाहाले फुरसत नाही. बोलाचं असंन तं खाली उतरा."

उतरली. नऊवारी नव्हती तरी पाचवारी खोचली अन् उतरली. वीस वर्षांनी चिखलात पाय घातला. एका बाजूले विमलाबाई, दुसऱ्या बाजूले तिची सासू, मधात मी. नवी बाई रोवण्यात आली का तिले अशीच दोन तयार बायांच्या मधात उभी करतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. पण काहून ते कधी मनात आलं नव्हतं. कोणी मले सांगितलं नाही, असा परा धर, एवढा दाब. मी मागं पडली तं दोघी हात लांब करून माझ्यातलं थोडं थोडं लावून घेत होत्या, पण माझी जागा माझीच ठेवत होत्या. अर्ध्या तासानं माझा हात त्यांच्या हातासंग चालाले लागला.

एक परा लावला अन् पक्का बसला का नाही म्हणून मी ओढून पाहिला. म्हातारीनं फटकन मनगटावर मारलं. "लावला ना? मंग सोड त्याले. ओढून पाहिलं तं मूळ धरंन काय ते?"

विचारलं, "तुम्ही नव्या पोरीले शिकवत नाही काय?"

विमलाबाई हसली. "शिकवाचं काय त्यात? मधात उभी केली का हात आपोआप चालते. तोंडानं सांगत बसलं तं रोवणा दिवाळीले होईन."

बांधावर येऊन पाय धुतले अन् तिथंच बसून राहिली. मी दोन महिने काय केलं? तोंडानं सांगत बसली. अन् दर दिवशी ओढून पाहिलं, आली का इंग्रजी, आली का?

आता पुस्तक महिनाभर कपाटात. सकाळपासून मी थोडंच बोलते, पण इंग्रजीत बोलते अन् हातानं बोलते. कम. सिट. ब्रिंग द बकेट. ओपन द डोअर. पोट्ट्यांनी फक्त कराचं, बोलाचं नाही. बोलले तं ठीक, नाही बोलले तं बी ठीक. तृप्तीले दोन चळवळ्या पोरींच्या मधात बसवलं. हो, ती आली वापस. विमलाबाई म्हणाली, "ज्या बाईनं चिखल लावून घेतला तिच्यापाशी पोरगी पाठवाले हरकत नाही." देवाजी मात्र गप आहे, त्यानं टाय घेऊन ठेवलाच आहे.

अन् एक नियम मी मलेच लावला. काही विचारलं का मनात दहा मोजाचे, मंगच तोंड उघडाचं. सुलोचना, दहा मोजणं किती कठीण आहे! माझ्या सतरंजीमागच्या जिभेले सवयच नाही. आयुष्यात मी कोणाले तीनच्या वर देले नाहीत.

निर्मला

ता.क. आठ ओळी इंग्रजीत. या वेळी डिक्शनरी नाही पाहिली.


२२ ऑक्टोबर २०००

सुलोचना,

आठ ओळीत फक्त सात रेघा! पत्र भैयाजी मास्तरले दाखवलं. ते म्हणाले, "बाई, रेघा आल्या म्हणून खुश होणारी तुम्हीच पहिली."

भंडाऱ्याले आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, मधात साहेबांचं व्याख्यान अन् पोह्याची प्लेट. पाचव्या दिवशी मोठे साहेब आले, फळ्यावर लिहिलं, इंग्रजीची चार कौशल्यं: श्रवण, भाषण, वाचन, लेखन. साऱ्यांनी वहीत उतरवलं. मी हात वर केला.

"साहेब, हे चारही पोराले लागतात. मास्तरले काय लागते?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हीच सांगा, बाई."

त्यांले वाटलं मी खाली बसीन. मी बसणाऱ्यातली आहे काय? उभीच राहिली अन् सांगितलं. म्हटलं, मास्तरले आधी गप राहता आलं पाहिजे, अन् हे साऱ्यात कठीण. पोरगं चुकलं का तोंड वाकडं न करता पुरं ऐकता आलं पाहिजे. एकच वाक्य चाळीस वेळा म्हणाव लागते, अन् चाळिसाव्या वेळी बी ते ताजं वाटलं पाहिजे, शिळ्या भाकरीवाणी नाही. आपलं अंग वापरता आलं पाहिजे. मी 'स्लीप' शिकवाले टेबलावर आडवी झाली, तवाच नेमके सरपंच आत आले. अन् कोणाले कोणापाशी बसवाचं हे कळलं पाहिजे, ते कळलं का अर्धं काम पोट्टेच करतात. साऱ्या हॉलमधले मास्तर लिहून घेऊन राहिले होते, आईशप्पथ. मंग म्हटलं, शेवटचं म्हणजे, आपल्याले आलं नाही, आपलं चुकलं, हे पोरांसमोर कबूल करता आलं पाहिजे.

अन् तिथं मी खाली बसली. साहेबांनी पाणी मागवलं.

टोलीत बरं चालू आहे. तृप्ती अजून शाळेत फारशी बोलत नाही, पण घरी बोलते. विमलाबाई शपथेवर सांगते का पोरगी बकरीले 'स्टॉप' म्हणते अन् बकरी थांबते. बकरी माझ्या पटावर नाही, नाही तं बावीस झाले असते.

दिवाळी कर नीट. पोरांले आशीर्वाद.

निर्मला


१० डिसेंबर २०००

सुलोचना,

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं आहे.

परवा पालकांची सभा झाली. देवाजी उठला. म्हणाला, "बाई, तुम्ही मेहनत करून राहिल्या, आमाले दिसते. पण एक डाव आमी फसलो. आता असं करू. तीन जानेवारीले सावित्रीमाईची जयंती आहे. त्या दिवशी बाहेरच्या माणसानं माझ्या पोरीले इंग्रजीत विचाराव, मनचं विचाराव, पुस्तकातलं नाही. तिनं उत्तर देलं तं पोरगी इथंच. नाही देलं तं आमची सहाही घरं जूनमध्ये कॉन्व्हेंटले. अन् तवा तुम्ही शाळेत नाही राहाचं, तिकडं बोअरिंगच्या पंपापाशी उभं राहाचं. पडदा नको, बाई नको."

म्हटलं, मंजूर.

मंग प्रश्न आला, विचारीन कोण? टोलीत इंग्रजी कोणाले येते? मी म्हटलं, कापगते बाईंले बोलवा.

देवाजी म्हणाला, "त्या तं तुमच्या मैत्रीण. तुमच्याच बाजूनं बोलतील."

म्हटलं, "त्या माझ्याशी बोलत नाहीत."

देवाजी म्हणाला, "मंग चालतील."

तर सुलोचना, मी तुले बोलावून राहिली. माझी टोली राहणार का जाणार ते तू ठरवशील. अन् म्हणूनच तुले अंधारात ठेवून बोलावता येत नाही. पंचाले बोलवाचं अन् त्याच्यापासून लपवाचं, हे माझ्याच्यानं होत नाही.

ते मी इंग्रजीत लिहिलं आहे. मराठीत लिहिलं तं मी माझीच वकिली करते. मराठीत मले बहाणे बम येतात. इंग्रजीत मले बहाण्याइतके शब्दच येत नाहीत, जे झालं तेवढंच लिहिता येते. कच्चं मात्र आधी मराठीत केलं होतं. मागच्या पानावर इंग्रजी आहे, इथं कच्चं ठेवते:

जिल्हा फुटाच्या वेळी पसंतीचे फॉर्म भरले. अर्जुनीले राहणाऱ्या तुझ्या मालकांनी तुझ्या फॉर्मवर गोंदिया लिहिलं. तू तो फॉर्म माझ्यापाशी देला. तू म्हटलं, निर्मला, दोन दिवस थांब, मी यांले समजावते, मंग भंडारा लिहून दुसरा फॉर्म देऊ. मी हव म्हटलं. त्याच सकाळी साहेब तपासणीले आले होते. त्यांनी तुझा तास पाहिला अन् माझा पाहिला. ते साऱ्यांसमोर म्हणाले, कापगते बाई आहेत म्हणून ही शाळा आहे, रामटेके बाईंनी यांच्याकडून काही शिकाव. मी दुसऱ्या दिवशी लाखांदूरले गेली. मी थांबली नाही. मी तुझा फॉर्म बाबूच्या हातात देला. घरी येऊन तुले सांगितलं, शिपाई आला होता, तोच घेऊन गेला. शिपाई आला नव्हता. तू गेली तं शाळेत मी पहिली होईन असं मले वाटलं. तू गेली. मी पहिली नाही झाली. खोलीत दोन खाटा आहेत. दुसरीवर मी कपडे ठेवते.

बस. यात खोटं काही नाही.

तुले यावंसं वाटलं तं ये. आली अन् पोरीले कठीण विचारलं तं तुझा हक्क आहे. फक्त एक मागते, राग माझ्यावर काढजो, तृप्तीवर नको. तिनं काही केलं नाही.

निर्मला


५ जानेवारी २००१

सुले,

तू परवा बाराच्या एसटीनं गेली. बोअरिंगपाशी आली नाही. मी तिथंच उभी होती, तुले दिसली असेल, मले तं तू दिसली. जाडी झाली तू. चष्मा बी लागला.

आत काय झालं ते तुले माहीत, मले पोट्ट्यांकडून कळलं. ते जसं सांगतात तसं लिहिते, चूक असेल तं रेघ मार.

तू आधी नाव विचारलं. तृप्तीनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. बकरी किती, सांगितलं. देवाजी पुढं सरकून बसला. अन् मंग तू इंग्रजीत विचारलं, तुझी बाई कुठं आहे? हे मी कधी शिकवलं नव्हतं. पोरगी गप झाली.

मी शंभर पावलांवर होती, सुले. आतला आवाज बंद झाला एवढं मले ऐकू आलं. मले वाटलं सरलं. पाय आपोआप उचलला होता, मी पंपाची दांडी दोन्ही हातांनी धरली अन् मोजाले लागली. दहा झाले. वीस झाले. पोट्टे म्हणतात तू काहीच बोलली नाही, दुसरा प्रश्न नाही, 'बरं राहू दे' नाही, पोरीकडं पाहत नुसती बसली. दुसरीतला ईश्वर म्हणते त्यानं बोटावर चाळीस मोजले. देवाजी उठाले लागला तं तू हातानंच त्याले बसवलं म्हणतात.

मंग तृप्ती उठली, खिडकीपाशी गेली अन् माझ्याकडं बोट केलं. तिचं बोट मी पाहिलं. शब्द नाही ऐकू आले. ते मले विमलाबाईनं सांगितले, तिनं ते घोकून ठेवले होते, ज्या भाषेतलं तिले एक अक्षर येत नाही त्या भाषेत. देअर. शी इज स्टँडिंग. शी इज नॉट टेलिंग.

देवाजीनं तुले विचारलं ना, काय म्हणाली म्हणून? अन् तू सांगितलं, "बाई तिकडं उभी आहे, बाई सांगून नाही राहिली." टाळ्या मले पंपापर्यंत ऐकू आल्या. मी पंप हापसून तोंडावर पाणी मारलं, म्हणजे कोणाले काही कळू नये.

सहाही घरं इथंच राहून राहिली. कॉन्व्हेंटचा टाय देवाजीनं बकरीच्या गळ्यात बांधला, टोली पाहाले जाऊन राहिली आहे. भैयाजी मास्तर म्हणाले, पुढच्या साली पट तीसवर जाते. जाऊ दे, घेईन.

तू गेल्यावर हजेरी उघडली तं माझं पान त्यात होतं. इंग्रजीवालं. उलटून पालटून पाहिलं, एक बी लाल रेघ नाही. त्यात चुका आहेत, सुले. नऊ तं मलेच दिसतात आता. अन् खाली तुझं अक्षर, वीस महिन्यांनी पहिल्यांदा, मराठीत:

"फॉर्म तू देला हे बाबूनं मले त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तू कधी सांगते ते पाहून राहिली होती."

ते वाचून मी वर्गातच खाली बसली. पोट्ट्यांनी विचारलं, बाई, सिट डाउन काहून केलं?

तुले माहीत होतं. पत्रं वापस येत होती तवा माहीत होतं. मी शिपायाची गोष्ट सांगत होती, तू सामान बांधत होती, तवा बी माहीत होतं. एक शब्दानं तू मले आठवण करून देली नाही. मी दहा मोजले तरी घाम फुटते, अन् तू वीस महिने मोजत बसली!

परवा रविवार आहे. पहिल्या एसटीनं अर्जुनीले येऊन राहिली. स्टँडवर येऊ नको, घर मी विचारत विचारत काढीन. फक्त एक करजो. दार उघडशील तवा तू काही बोलू नको. आधी मी बोलीन.

तुझी,
निर्मला